डावं भिंग

माझ्या लेकीसोबत रस्त्यानं चालताना मी कायम तिच्या डाव्या अंगाला असतो. पंधरा वर्षं झाली. वरात असो नाय तर भाजीबाजार, मधी कुणी घुसलं तर कोपरानं बाजूला सारतो, शिव्या खातो, पण जागा सोडत नाय. कारण करुणाच्या डाव्या डोळ्यात बुबुळ हाय, चमक हाय, समदं हाय, फक्त नजर नाय. तो डोळा डॉक्टरनं बसवलेला हाय.

कसा गेला ते एकदाच सांगतो, परत विचारू नका. मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडं माझं लेथचं दुकान हाय. संघपाल टर्नर म्हटलं की कुणीबी दाखवील. तेव्हा करुणा सहा वर्षांची. शाळेतनं थेट दुकानात यायची. मी ग्राइंडरवर हत्यार घासत होतो. ती दारात येऊन "पप्पा" म्हणाली. मी मान वळवली, हात हलला, अन् लोखंडाची एक कपची उडाली. माझ्या डोळ्यांवर गॉगल होता. तिच्या डोक्यावर लाल रिबनी होत्या, डोळ्यांवर काय असणार?

तेव्हापासून गॉगल म्हटलं की माझं टाळकं सरकतं.

अन् अशा माणसाला ही पोरगी सकाळी सकाळी चहाचा कप हातात देऊन म्हणते, "पप्पा, चला, गॉगल घ्यायचाय."

"उन्हाचा?" मी विचारलं.

"ड्रोनचा."

लग्नात डोक्यावर भुणभुणतो ना, तसला ड्रोन नव्हं. हा तळहातावर मावतो. त्याच्या नाकावर एक कॅमेरा. उडवणाऱ्यानं डोळ्यांवर गॉगल बांधायचा, अन् कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्या गॉगलमधी दिसतं. म्हणजे माणूस खुर्चीत बसलेला, अन् नजर गेली शेतावरनं उडत. करुणानं वर्षभर कॉम्प्युटरवर याचा सराव केला. मग तारा जोडून, सोल्डर करून स्वतःच एक ड्रोन बनवला. मैत्रिणीचा जुना गॉगल लावून ती तो मैदानावर उडवायची. मी कधी बघायला गेलो नाय. खेळणं हाय म्हणायचो, अन् विषय बंद. ती मैत्रीण पुण्याला गेली, गॉगलबी गेला.

आता दौलताबादचे तात्यासाहेब म्हणून एकजण हायेत. लग्नं, कारखाने, शेतं, सगळ्याचे पिक्चर काढतात. त्यांना असा ड्रोन उडवणारं माणूस पाहिजे होतं. रविवारी त्यांच्या शेतात परीक्षा. अट दोनच. गॉगल स्वतःचा पाहिजे, कारण तो ज्याच्या त्याच्या डोळ्याला बसवावा लागतो. अन् सोबत एक माणूस पाहिजे. काम मिळालं तर करुणा गावोगाव जाऊन ड्रोन उडवणार. नाय मिळालं तर माझ्या दुकानात फोन उचलत बसणार. तसं तिनं तिच्या आईला कबूल केलं होतं.

खरं सांगू? मला तिनं फोनच उचलायला पाहिजे होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मी तर पाणीबी फुंकून पितो. तिला स्कूटी दिली नाय, बॅडमिंटन खेळू दिलं नाय. जिना उतरताना अजून हात पुढं करतो, अन् ती तो हळूच बाजूला सारते.

---

पुंडलिकनगरात आकाशचं दुकान हाय. मोटारी, तारा, पंखे, बॅटऱ्या, असलं बारीकसारीक सामान. पोरगा गोड बोलणारा, पण लई शहाणा. त्यानं काउंटरवर दोन गॉगल मांडले.

एक होता मोठा डबा. आत एकच पडदा, त्याच्यापुढं एकच मोठं भिंग. दुसरा लहान, दुर्बिणीसारखा, प्रत्येक डोळ्याला वेगळं भिंग अन् वेगळा पडदा. भिंगं आपल्या डोळ्यांच्या अंतरानं सरकवता येतात. हा दुसरा लई महाग.

करुणानं आकाशला सरळ सांगितलं, "मला डाव्या डोळ्यानं दिसत नाय." ती असंच सांगते, पत्ता सांगितल्यासारखं. माझी मान खाली गेली.

आकाश थोडा गडबडला. मग माझ्याकडं बघून बोलायला लागला, जशी काय ती तिथं नव्हतीच. "काका, बुरा मत मानना, पण एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाय. दीदी ड्रोन ठोकणार. घ्यायचाच असला तर डबा घ्या. एक डोळा, एक पडदा. महागातल्याचं डावं भिंग तर वायाच जाणार ना."

"ऐकलंस?" मी करुणाला म्हणालो. माझ्या तोंडावर काळजी होती, पोटात मातर गुदगुल्या.

करुणानं डबा डोळ्यांवर चढवला. आकाशनं काउंटरवर एक ड्रोन ठेवून त्याचा कॅमेरा चालू केला.

मी तिच्याकडं बघत होतो. तिनं डबा थोडा डावीकडं ओढला. मग मान तिरकी केली. मग डबा परत ओढला. नाकाजवळ फट पडली, तिथनं उजेड आत गेला, तिनं ती बोटानं दाबली. परत ओढला.

तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी. घडवायचा तुकडा, आम्ही त्याला जॉब म्हणतो, मशीनमधी बसला की पहिल्या फेऱ्यात सांगतो, सेंटरला हाय का नाय. सेंटर हुकलं तर किती का भारी मशीन असंना, माल वाकडाच निघणार. डब्याचं भिंग नाकाच्या समोर होतं. अन् माझ्या लेकीचा डोळा होता उजवीकडं. दोन डोळ्यांच्या माणसाला ते चालून जातं. हिला भिंगाच्या कडेनं बघावं लागत होतं, अन् कडेनं सगळं अंधुक, ओढल्यासारखं दिसतं. लहान गॉगलात तसं नव्हतं. तिथं उजवं भिंग सरकवून नेमकं तिच्या बुबुळासमोर आणता आलं असतं.

हे मला कळलं. आकाशला कळलं नव्हतं. करुणाला बी पुरतं कळलं नव्हतं, तिला वाटत होतं आपल्यातच काय तरी कमी हाय.

अन् मी गप बसलो.

आता लपवून काय करू? मनात हिशेब चालला होता. डबा घेऊ द्या. रविवारी ड्रोन आपटंल. तात्यासाहेब नाय म्हणतील. पोरगी चार दिवस रडंल अन् सोमवारपासून दुकानात, माझ्या नजरेसमोर. कुणाला कधी कळणारबी नाय.

"ठीक आहे," करुणा डब्यातनं म्हणाली. "होईल सवय. हाच द्या."

आकाशनं खोकं काढलं. तिनं डबा उतरवला. उजवा डोळा लाल झाला होता, पाणी आलं होतं, अन् ती हसायला बघत होती. तेच हसू. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टीखालनं मला म्हणाली होती, "पप्पा, दुखत नाय." सहा वर्षांची पोरगी, बापाला धीर देत होती.

"ठेव ते खोकं!" मी असा ओरडलो की बाहेरचं कुत्रं उठलं. "सेंटर आऊट हाय ह्याचं. दुसरा काढ."

"काका, त्याचं डावं भिंग..."

"जाऊ दे वाया! डावं भिंग माझ्या नावावर लिही. तू काढ."

करुणानं लहान गॉगल लावला. उजव्या भिंगाची खुंटी हळूहळू सरकवली. अन् एका जागेवर तिचे हात थांबले, खांदे खाली आले. तोंड उघडं राहिलं.

"पप्पा," ती लई हळू म्हणाली. "पडद्याचे कोपरे दिसतायत. चारीच्या चारी."

मग तिनं गॉगल काढून माझ्या डोळ्यांवर बांधला. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकती कुठं.

आत अंधार होता, अन् अंधारात एक दुकान उजळलं होतं. त्या दुकानात एक टकला म्हातारा गॉगल लावून उभा होता, तोंड वासून. मी हात हलवला, त्यानंबी हलवला. अरे बाप रे! मी इथं होतो अन् तिथं उभं राहून मलाच बघत होतो. डोक्याच्या मागं एवढं टक्कल पडलंय हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं, ते कॅमेऱ्यानं माझ्या मागं भिंतीवर लावलेल्या आरशातनं दाखवलं.

"आता डावा डोळा मिटा," करुणाचा आवाज आला.

मिटला.

"काय बदललं?"

काय नाय बदललं. दुकान तेवढंच, म्हातारा तेवढाच. उघडला, परत मिटला. धा वेळा केलं. घरी चहा ओतताना मी कधी कधी चोरून एक डोळा मिटून बघतो, हिला कसं दिसत असंल म्हणून. कप अंदाजानं हुकतो, अन् माझ्या काळजात कळ येते. इथं काहीच हुकत नव्हतं.

"आकाशदादा," करुणा म्हणाली, "ड्रोनला कॅमेरे किती?"

"एक."

"म्हणजे डोळा एक. मग दोन डोळेवाला माणूसपण उडताना एकाच डोळ्यानं बघतो ना? त्याला अंतर कसं कळतं? सरावानं. मला तर पंधरा वर्षांचा सराव आहे."

आकाश कान धरून म्हणाला, "दीदी, मान गया." मी मातर गॉगल काढला नाय. मला थोडा वेळ आतच राहायचं होतं. पंधरा वर्षं ज्याला खड्डा समजलो, तिथं सपाट जमीन निघाली.

---

रविवारी तात्यासाहेबांच्या शेतात गेलो. जानेवारीची सकाळ, ज्वारी कणसाला आलेली, पलीकडं किल्ल्याचा डोंगर. तात्यासाहेबांनी आधीच ठणकावलं, "किल्ल्याच्या अंगाला जायचं नाय, नियम हाय. आपली हद्द कडूनिंबापर्यंत."

परीक्षा होती कांदाचाळीची. कांदा साठवायची लांबलचक चाळ, दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्यांची, पट्ट्यांमधी वारा जायला फटी. तेव्हा रिकामी होती. ड्रोन एका टोकानं आत घालायचा, मधल्या खांबांना चुकवत दुसऱ्या टोकानं काढायचा, कडूनिंबाला वळसा घालून परत हातात.

"डोळ्याचं फोनवरच सांगितलंय हिनं," तात्यासाहेब मला म्हणाले. "मला त्याचं काय नाय. मला चाळीतनं निघालेला ड्रोन पाहिजे. आता तुमचं काम ऐका. गॉगल चढवला की पायलट आंधळा. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. म्हणून त्याच्याजवळ एक माणूस डोळे उघडे ठेवून उभा लागतो. कुणी आडवं आलं, तार आली, पाखरू आलं, तर सांगायचं. जमंल का?"

मला हसू आलं. "साहेब, पंधरा वर्षं दुसरं केलंय काय मी?"

करुणा प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. गॉगल चढवला. मी तिच्या डाव्या अंगाला उभा राहिलो. ड्रोन गांधीलमाशीवानी घोंगावत उठला अन् चाळीकडं सुटला.

आयला, काय तो वेग! मला वाटलं होतं हळूहळू जाईल. तो डोळ्याचं पातं लवतंय तोवर चाळीच्या तोंडाशी. मी बाजूनं बघत होतो, अन् मला स्पष्ट दिसलं की तो खांबावर आदळणार. स्पष्ट!

"थांब! करुणा, खांब!"

तिचा अंगठा दचकला. ड्रोन वाकडा झाला, पत्र्याला घासला अन् ज्वारीत जाऊन पडला.

तात्यासाहेब चाळीपर्यंत चालत गेले, परत आले. "खांब दोन हात लांब होता," ते म्हणाले. "पोरगी बरोबर चालली होती. तुम्ही पाडलं."

मी बाजूनं बघत होतो ना. दोन चांगले डोळे घेऊन, चुकीच्या जागेवरनं. ज्वारीत शिरून ड्रोन शोधताना मला माझीच लाज वाटत होती. परत तेच. तेव्हाबी तिनं काय केलं नव्हतं, हात माझाच हलला होता.

ड्रोन धड होता, एक पंखा तेवढा बदलावा लागला. तात्यासाहेब घड्याळ बघत म्हणाले, "एक बॅटरी अजून देतो. शेवटची. पण माणूस बदला. माझा गडी उभा करतो."

मी बाजूला व्हायला लागलो. करुणानं गॉगल कपाळावर सारला. मला वाटलं चिडंल. चिडायचा हक्कच होता तिचा.

"पप्पाच राहतील," ती तात्यासाहेबांना म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "पप्पा, फक्त माणूस, जनावर अन् तार. बाकी काय बी दिसलं तरी गप. खांब माझे आहेत."

"अन् चुकून धडकला तर?"

"धडकला तर धडकला. तो ड्रोन आहे, मी नाय."

मी मफलरचं टोक तोंडात कोंबलं. खोटं सांगत नाय, कोंबलं. ड्रोन उठला. मी आभाळ बघितलं, बांध बघितला, तार बघितली. चाळीकडं बघायचं नाय असं ठरवलं, पण बघणं माझ्या हातात होतं व्हय? तो तोंडाशी गेला. परत तोच खांब, परत मला वाटलं आता संपलं. माझं सगळं अंग ओरडत होतं. दात मफलरमधी रुतले. गप राहण्याएवढं अवघड काम मी आयुष्यात केलं नाय, लेथवर रात्रपाळ्या काढल्या तरी नाय.

ड्रोन आत गेला. फटींमधनं त्याचा ठिपका दिसत होता, इथं, मग तिथं, मग पुढं. अन् भर्रकन दुसऱ्या टोकानं उन्हात निघाला! कडूनिंबाला वळसा घातला अन् येऊन तिच्या पायाशी असा बसला, जशी गावभर हुंदडून आलेली मांजर.

माझ्या तोंडातनं मफलर निघंना.

तात्यासाहेब त्यांच्या गॉगलमधी हेच बघत होते. त्यांनी तो काढला. मग म्हणाले, "एक तारखेपासून ये. माझ्याकडच्या कुणाला मधल्या खांबांतनं असं जमलं नाय." अन् त्यांचा गॉगल माझ्याकडं धरला. "घ्या. ती परत उडवील, बापानं बघावं एकदा. आता गडी राहील उभा."

मी तिच्या खुर्चीजवळ खाली बांधावर बसलो. गॉगल बांधला. आत करुणाच्या ड्रोनला दिसत होतं तेच मला दिसत होतं.

"डावा मिटा, पप्पा."

मिटला. अन् जमीन पायाखालनं गेली.

ज्वारीची कणसं पोटाला घासून जातायत असं वाटलं. मग समोर चाळ, काळं तोंड, मी जीव मुठीत धरला, अन् आत! दोन्ही बाजूंनी उजेडाच्या पट्ट्या सळसळत मागं पळत होत्या. खांब येत होता, बाजूला होत होता, दुसरा येत होता, तोबी बाजूला होत होता. कुठंच गर्दी नव्हती. कुणी तिला धडकत नव्हतं, कुणाला कोपरानं सारावं लागत नव्हतं. मग एकदम ऊन. अन् ती वर निघाली. शेतं खाली अंथरली गेली, विहिरीत आभाळ चमकलं, बांधावर एक टकला माणूस बसलेला दिसला, मुंगीएवढा, डोळ्यांवर गॉगल. तो मीच होतो. लांब डोंगर, त्याच्या पलीकडं धुरकट शहर, त्यात कुठं तरी मुकुंदवाडी, त्यात माझं दुकान, त्याचं ते दार. इतकं मोठं जग हाय अन् ते सगळं एका डोळ्यात मावतं. मावतं! काठापर्यंत, चारी कोपऱ्यांसकट.

मला रडू आवरंना. गॉगलच्या काचा भिजल्या. पंधरा वर्षं घशात अडकलेलं वाक्य तसंच, न ठरवता बाहेर पडलं.

"करुणा, त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर गॉगल होता."

तिचा अंगठा हलला नाय. चित्र तसंच स्थिर, उंचावर.

"माहितीय पप्पा," ती म्हणाली. "आजपण आहे. बरं दिसतंय का?"

"लई," मी म्हणालो. "लई बरं दिसतंय."

परत येताना मोटारसायकल रस्त्यावर लावलेली, तिथपर्यंत बांधानं चालत निघालो. पिशवी माझ्या खांद्यावर, ड्रोन तिच्या हातात. ती बोलत होती, एक तारखेचं, कुठं जायचं त्याचं, मी ऐकत होतो. अर्ध्या वाटेत ती थांबली अन् माझ्याकडं बघून हसली.

"पप्पा, तुम्ही उजवीकडनं चालताय."

बघितलं तर खरंच. कधी आलो या बाजूला, काय मालूम. जागा बदलायला पाय उचलला. तिच्या डाव्या अंगाला ज्वारी होती, वारा होता, बाकी कुणी नव्हतं. पाय परत होता तिथंच ठेवला.

"चल पुढं," मी म्हणालो. "बोल, काय म्हणत होतीस?"